अर्ज दुसऱ्याच्या हातात देऊ नका

नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या अभ्यासिकांमध्ये भरतीचा विषय निघाला की बोलणं शुल्कावर आणि पेपरफुटीवर येतं. २०२३ च्या तलाठी भरतीत खुल्या गटाला १००० आणि राखीव गटाला ९०० रुपये मोजावे लागले. त्यावरचा संताप रास्तच आहे. पण महिनोन्महिने बुद्धिमापन घोटणारी मुलं अर्ज मात्र सायबर कॅफेवाल्याकडून भरून घेतात, याची काळजी लंडनमध्ये बसूनही वाटते.

ब्रिटनमध्ये अर्ज हीच पहिली परीक्षा असते. जाहिरातीसोबत ‘आवश्यक’ आणि ‘असल्यास उत्तम’ अशा अटींची यादी येते आणि निवड करणारे त्या यादीशी ताडून गुण देतात. ‘मी मेहनती आहे’ या वाक्याला काहीच मिळत नाही. तिथल्या सिव्हिल सर्व्हिसच्या, म्हणजे सरकारी नोकरीच्या अर्जात एकेका गुणाचा पुरावा साधारण २५० शब्दांत द्यावा लागतो: प्रसंग काय, जबाबदारी काय, तुम्ही काय केलंत, निष्पन्न काय झालं. निम्म्याहून जास्त शब्द तिसऱ्या भागावर खर्च करावेत. तिथे ‘आम्ही केलं’ लिहिलं तर तुमचा वाटा कळत नाही आणि गुण जातात.

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींतल्या कंपन्यांना अर्ज करतानाही हीच रीत चालते. ‘प्रॉडक्शनचा अनुभव’ एवढंच नको. कोणतं सीएनसी मशीन, सेटिंग स्वतः करत होतात का, पहिला नग कोण तपासायचं, रिजेक्शन किती होतं आणि किती झालं, हे लिहा. कंपन्यांनीही फोटो, धर्म, लग्न झालंय का, हे रकाने काढून टाकावेत. ब्रिटनच्या सिव्हिल सर्व्हिसमध्ये छाननीच्या वेळी उमेदवाराचं नावसुद्धा झाकलेलं असतं.

सरकारी अर्जाचं गणित वेगळं. तिथे शैलीला गुण नाहीत, चुकीला मात्र माफी नाही. सर्वांत महागात पडतो तो आरक्षणाचा दाखला. राज्याच्या भरतीसाठी काढलेलं नॉन-क्रिमीलेअर नाशिकरोडच्या करन्सी नोट प्रेसला चालेल असं अनेकजण धरून चालतात. प्रेस केंद्राची, तिथे केंद्राच्या नमुन्यातलाच ओबीसी दाखला लागतो आणि जात केंद्राच्या यादीतही असावी लागते. विजा-भज (विमुक्त जाती-भटक्या जमाती) हा प्रवर्गच केंद्रात नाही, त्यामुळे आपली जात तिथे कुठे मोडते हे आधी पाहा. दाखल्याची मुदत जाहिरातीतल्या तारखेशी ताडा. आरक्षणाचा दावा अर्जात केला नाही, तर नंतर दाखला दाखवून सहसा उपयोग होत नाही.

नाव दहावीच्या प्रमाणपत्रावर आहे तसंच, अक्षर न् अक्षर. सीजीपीएची टक्केवारी विद्यापीठाच्या सूत्राने काढा, अंदाजाने नको. बँकभरती घेणाऱ्या आयबीपीएसच्या अर्जाला फोटो २० ते ५० केबी आणि सही १० ते २० केबी लागते. कॅपिटल अक्षरांतली सही बाद होते. कॅफेत घाईघाईने फाइल दाबून बारीक केली की सही पुसट होते, मग परीक्षा केंद्रावर जुळत नाही. नोंदणीला मोबाइल आणि ईमेल आपलाच द्या, कॅफेवाल्याचा नव्हे. प्रवेशपत्राचा निरोप त्यावरच येतो. शेवटच्या दिवशी सर्व्हर अडकतो. पैसे कापले गेले पण पावती आली नाही, तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका, आधी अर्जाची स्थिती तपासा.

शुल्काइतक्याच जोराने नाशिकच्या मुलांनी आणखी एक मागणी लावून धरावी. केंद्राची भरती करणारं स्टाफ सिलेक्शन कमिशन मुदत संपल्यावर अर्ज दुरुस्तीसाठी काही दिवस देतं. राज्याच्या प्रत्येक भरतीत तशी सोय जाहिरातीतच लिहिलेली असली पाहिजे.