खेड्यात बसून मोजलेली मॅकलॅरेन

नमस्कार.

मॅकलॅरेन एमपी४/४ या १९८८ च्या एफ-वन (फॉर्म्युला वन) शर्यतीच्या गाडीच्या १:४३, म्हणजे त्रेचाळीस पट लहान मॉडेलवर मागच्या महिन्यात लिहिलं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. ती आधी इथं थोडक्यात देतो, नाहीतर मी सोयीचं तेवढंच उचललं म्हणाल. तुमचं म्हणणं असं: फोटो काळे आलेत. रंग ‘लाल कमी, नारिंगी जास्त’ म्हणून मी गुण कापले ते चूक, कारण मूळ गाडीचा रंगच फ्लुरोसंट होता. दुसऱ्या कंपनीच्या मॉडेलशी तुलना नाही. आणि शेवटी, ‘खरी एफ-वन गाडी जन्मात न पाहिलेल्या माणसानं खेड्यात बसून मॉडेलला गुण देणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं.’

फोटोंचं मान्य. लाइट गेली होती, मोबाइलच्या टॉर्चवर काढले. दिवसा काढून पुन्हा टाकतो.

आता ते शेवटचं वाक्य. टीका करा, कडक करा, मी काही लाजाळूचं झाड नाही. पण ‘खेड्यात बसून’ काहून बाप्पा? शहरातल्या फ्लॅटमध्ये बसून मोजलं तर माप बदलतं का? एमपी४/४ चा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या आसांमधलं अंतर, २८७५ मिलिमीटर. त्याला ४३ नं भागा. ६६.८६ येतं. आमच्या गावातही तेवढंच येतं. माझ्या हातातलं मॉडेल भरलं ६८.१. फरक सव्वा मिलिमीटरचा, म्हणजे खऱ्या गाडीत पाच सेंटिमीटरहून जास्त. ज्या गाडीचं सगळं रूपच बुटकेपणात आणि जवळजवळ आडवा होऊन बसलेल्या ड्रायव्हरमध्ये आहे, तिला असं ताणलं की ती वेगळीच गाडी दिसते. हे मी मूळ लेखात लिहिलं होतं. तुम्ही तिथपर्यंत वाचलं की ‘रा. विदर्भ’ एवढं पाहूनच थांबलात, कोण जाणे.

मोजायचा अधिकार कुठून आला विचारत असाल तर तेही सांगतो. मी आयटीआयचा फिटर. व्हर्नियरवर, म्हणजे बारीक माप घ्यायच्या पट्टीवर, ०.०२ मिलिमीटर वाचायला शिकलो तेव्हा मिसरूडही फुटलं नव्हतं. पुढे जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, नोकरी केली. डबल रोलर जिनची एक सुरी स्थिर, एक हलती. त्यांच्यातलं अंतर फीलर गेजनं लावायचं. जरा चुकलं की सरकी फुटून रुईत येते आणि व्यापारी गाठीचा भाव पाडतो. त्या हातांनी मी हे मॉडेल मोजलंय. तुमच्या हातात काय होतं? कीबोर्ड.

‘खरी गाडी पाहिलेली नाही’ हे खरंच आहे. ग्रेटर नोएडाला २०११ ते २०१३ अशा तीनच एफ-वन शर्यती झाल्या, तिन्ही सेबॅस्टियन व्हेटेल या ड्रायव्हरनं मारल्या. पहिली ३० ऑक्टोबर २०११ ला, दिवाळीच्या आठवड्यात. आमच्याकडे तेव्हा कापसाची वेचणी असते, मजूर मिळता मिळत नाही. घरचं पांढरं सोनं झाडावर सोडून दिल्लीकडे जाईन एवढा मी शौकीन नाही. आणि तिथं गेलो असतो तरी १९८८ ची मॅकलॅरेन थोडीच दिसली असती! तुम्ही तरी त्या साली जपानातल्या सुझुकाच्या ट्रॅकवर कठड्याला उभे होता का हो? तळेगाव दशासरच्या शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, जोडी हाकणारा धुरकरी वेगळा आणि सेकंद मोजणारा वेगळा. घड्याळवाल्याला कोणी म्हणत नाही, तू आधी कासरा धरून दाखव.

पाहिलेलं नसलं तरी अभ्यास करता येतो. या मॉडेलच्या डबीवर ‘जपान १९८८’ छापलंय, म्हणजे आयर्टन सेना या ड्रायव्हरची १२ नंबरची, त्याला पहिलं विजेतेपद देणारी गाडी. पण साइडपॉडवर, म्हणजे गाडीच्या बाजूच्या फुगवट्यांवर, टर्बो इंजिनासाठी हवा घेणारी दोन नळकांडी बसवलीत. ती हंगामाच्या सुरुवातीच्या शर्यतींत होती, पुढे काढून टाकली. सुझुकाच्या गाडीवर ती नाहीत. जुन्या फोटोंशी शर्यतीमागून शर्यत ताडून मी हे काढलं. त्या वर्षी या गाड्यांनी १६ पैकी १५ शर्यती जिंकल्या, म्हणजे फोटोंचा काही दुष्काळ नाही. या मुद्द्यावर तुमच्या प्रतिक्रियेत एक अक्षर नाही.

उलट खेड्यात बसण्याचा फायदाच आहे. मे महिन्यात इथं पारा ४५ च्या वर जातो आणि माझी खोली टिनाची. टायरला मऊ ठेवणारं रसायन, प्लास्टिसायझर, सुटून खालच्या प्लास्टिकच्या स्टँडला खातं, रेझिनच्या मॉडेलचे पातळ विंग वाकतात, कूलर लावला तर दमटपणानं डिकलच्या, म्हणजे चिकटवलेल्या चित्रांच्या, कडा उचलतात. एसीच्या शोकेसमध्ये ठेवणाऱ्याला हे कळायला दहा वर्षं लागतील. मी एका उन्हाळ्यात सांगतो.

रंगाचं म्हणाल तर फ्लुरोसंटचं मलाही माहीत आहे. टीव्हीवर लाल नीट उठून दिसावा म्हणून तो तसा होता. पण फ्लुरोसंट म्हणून कंपनीनं कोणताही नारिंगी फासावा असं होत नाही. यावर जास्त लिहीत नाही, रंग ज्याच्या त्याच्या डोळ्यावर असतो. तुलनेचं म्हणाल तर दुसरं मॉडेल पाठवा, मोजून देतो. पोस्टाचा खर्च तुमचा.

गुण दहापैकी साडेसहा दिले होते. साडेसहाच राहतील. पुढचा लेख टिरेल पी३४ या एफ-वन गाडीच्या मॉडेलवर. पुढे चार, मागे दोन अशी सहा चाकं आहेत, तेव्हा मोजायला वेळ लागेल. तोवर तुम्हीही एक व्हर्नियर घेऊन ठेवा.