कुलूप काढू नका, दादा

लिनक्स मशीन सुरू व्हायला उशीर का होतो, या माझ्या लेखात कशाला किती वेळ लागला ते दाखवणारी 'सिस्टमडी-ॲनालाइझ ब्लेम' ही कमांड सुचवली होती. त्यावर एका वाचकाची ही तक्रार:

"तुमचं ऐकून सिस्टमडी-ॲनालाइझ ब्लेम चालवलं, काहीच सापडलं नाही. लाईट गेली-आली की दीड मिनिट गिऱ्हाईक ताटकळतं. एन्क्रिप्शन काढून टाका, असं सरळ सांगायचं ना!"

दादा, अर्धी तक्रार रास्त आहे. ब्लेमच्या यादीत सुरू झालेल्या गोष्टींचाच वेळ येतो. जी डिस्क सापडलीच नाही, तिची वाट बघण्यात गेलेला वेळ तिथं दिसत नाही. हे मी लेखात लिहायला हवं होतं. एकूण वेळेत पासवर्ड टाकेपर्यंतचा वेळही धरला जातो, तेही राहून गेलं.

पण दीड मिनिट म्हणजे 90 सेकंद. न सापडणाऱ्या डिस्कसाठी सिस्टमडी, म्हणजे लिनक्समध्ये सगळं सुरू करून देणारा प्रोग्राम, मुळात एवढंच थांबतो. लक्सचं, म्हणजे डिस्कवरच्या एन्क्रिप्शनचं, कुलूप इतका वेळ खात नाही. पासवर्ड ठरवताना त्या मशीनवर कुलूप उघडायला साधारण 2 सेकंद लागतील असाच हिशोब बसवलेला असतो, तोही मुद्दाम, चोराला दर अंदाजाला तेवढं थांबावं लागावं म्हणून. डिस्क जुन्या, मंद मशीनला लावली तर हा वेळ वाढतो, हे खरं.

मागच्या पावसाळ्यात सेलूच्या एका सेवा केंद्राचं मशीन माझ्याकडं परभणीला आलं होतं. काळ्या पडद्यावर लाल चांदण्या डावी-उजवीकडं सरकत होत्या आणि शेजारी 1 मिनिट 30 सेकंदांची मुदत. कुणीतरी स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायचा डिस्कचा भाग) नव्यानं फॉरमॅट केली होती. तिचा यूयूआयडी, म्हणजे ओळख नंबर, बदलला; एफएसटॅबमध्ये (सुरू होताना जोडायच्या डिस्कच्या यादीत) मात्र जुनाच राहिला. हे नंबर दाखवणारी बीएलकेआयडी कमांड चालवून नवा नंबर टाकला, 90 सेकंद वाचले. तरी पासवर्डनंतर 30 सेकंद अडायचंच! इनिट-रॅमएफएस (मुख्य सिस्टमच्या आधी चालणारा छोटा भाग) याच्या रिझ्यूम फाइलमध्येही तोच जुना नंबर होता. तो बदलून अपडेट-इनिट-रॅमएफएस चालवलं, तेव्हा कुठं मशीन मोकळं झालं.

लाईट आल्यावर दारात माणसं उभी असतात तेव्हा दीड मिनिट किती लांब वाटतं, हे मला सांगायला नको. पण तुमच्या डिस्कवर लोकांचे आधार आहेत, बँक पासबुकं आहेत, पीकविम्याचे कागद आहेत. उद्या मशीन चोरीला गेलं तर ते कुलूपच आडवं येईल. ते कृपा करून काढू नका.

आज जर्नलसीटीएल -बी चालवा, मशीन या वेळी सुरू झाल्यापासूनच्या नोंदी दिसतील. त्यात 'टाइम्ड आउट वेटिंग फॉर डिव्हाइस' अशी ओळ असेल. ती आणि एफएसटॅबची स्वॅपची ओळ इथंच टाका, रात्री बसून बघतो.