लॅपटॉप धप्पकन बंद पडला की व्हायरस? अहो, थांबा जरा

गेले काही दिवस एक मेसेज फिरतोय, तुमच्याही ग्रुपवर आला असेल. थोडक्यात असं: लॅपटॉप आपोआप बंद होतोय म्हणजे व्हायरसच, लगेच फॉरमॅट मारा, तरी नाही सुधारला तर बॅटरी पिशवीत गुंडाळून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा, व्हॅक्युम क्लीनरनं धूळ ओढा, आणि विंडोजच्या नोंदींमध्ये इव्हेंट ४१ दिसला तर मदरबोर्ड गेला समजा. खाली "जनहितार्थ" आहेच.

मावशीनं मला तो पाठवला तेव्हा तिचा लॅपटॉप ऑलरेडी एकदा फॉरमॅट होऊन आला होता. दुकानात पाचशे रुपये गेले, नातवाच्या बारशाचे फोटो गेले, आणि घरी आणल्यावर विसाव्या मिनिटाला परत धप्प.

तर आधी व्हायरस. ज्यानं व्हायरस घातलाय त्याला तुमचा लॅपटॉप चालू हवा असतो, बंद मशीनमधून त्याला काय मिळणार? पण वाद कशाला, टेस्ट करा. चालू करताना एफ२ किंवा डिलीट दाबून, कंपनीनुसार बटण बदलतं, बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी येणाऱ्या सेटिंग्जच्या स्क्रीनवर, जा आणि तसाच अर्धा तास सोडून द्या, तोवर चहा घ्या. तिथे विंडोज सुरूच झालेलं नसतं, त्यामुळे तिथेही बंद पडला तर फॉरमॅट मारून काही होणार नाही हे नक्की. उलटं मात्र खरं नाही हां, बायॉसमध्ये टिकला म्हणून हार्डवेअर ठणठणीत असं समजू नका, कारण तिथे प्रोसेसरला म्हणावं तसं कामच नसतं.

मावशीचा तेरा मिनिटं टिकला. खालून हात लावला तर चटका. मागचं कव्हर उघडलं तर पंखा आणि हीटसिंक, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्या, यांच्या मध्ये धुळीची अक्षरशः गादी, बोटानं धरून अख्खी उचलता आली, आणि प्रोसेसरची उष्णता हीटसिंककडे नेणारी थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी झालेली. बाई लॅपटॉप रजईवर ठेवून सिरीयल बघतात, म्हणजे हवा आत जायची जाळीच बंद. बहुतेक प्रोसेसरची मर्यादा १०० डिग्रीच्या आसपास असते, तिथे पोचला की तो आधी स्वतःचा स्पीड कमी करतो, तरी ताप चढतच गेला तर मशीन स्वतःला वाचवायला सरळ बंद होतं. फ्यूज उडतो ना, तसंच. साफसफाई आणि नवीन पेस्ट एवढ्यात काम झालं, आता ती खाली पोळपाट ठेवते.

व्हॅक्युम क्लीनरचं म्हणून अर्धंच बरोबर. धूळ काढायचीच, पण व्हॅक्युमच्या नळीवर स्टॅटिक, म्हणजे स्थिर वीज, तयार होतं आणि पंखा गरागरा फिरून बेअरिंगची वाट लागू शकते. मशीन पूर्ण बंद करा, पंख्याचं पातं टूथपिकनं अडवून धरा आणि ब्लोअरनं थोडी थोडी हवा मारा.

फ्रीझर मात्र कृपया नको! लिथियम बॅटरी गारठवून जुनी झालेली तरुण होत नाही, बाहेर काढल्यावर पाणी सुटतं ते वेगळंच. बॅटरी म्हातारी झाली की तिचा आतला रेझिस्टन्स वाढतो, मग स्क्रीनवर ३५ टक्के दिसत असतात आणि व्हिडिओ कॉल लावला, लोड आला, की व्होल्टेज कोसळतं आणि खेळ खल्लास. लाईट गेली आणि त्याच क्षणी लॅपटॉप बंद झाला तर संशय सरळ बॅटरीवर घ्या. कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी, एक स्पेस, मग स्लॅश बॅटरीरिपोर्ट असं इंग्रजीत टाका, एक फाईल बनते, त्यात डिझाईन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी शेजारी शेजारी ठेवून बघा. दुसरा आकडा पहिल्याच्या निम्म्यावर आला असेल तर बॅटरीनं राम म्हटलाय. आणि टचपॅड वर उचलला गेला असेल तर बॅटरी फुगलीय, दाबू नका, चार्जही करू नका, बंद करून दुकानात न्या.

राहिला इव्हेंट ४१. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअर या प्रोग्राममध्ये विंडोज लॉग्ज, मग सिस्टीम, तिथे तो दिसतो. पण ती नोंद पुढच्या वेळी चालू केल्यावर पडते आणि तिचा अर्थ एवढाच की मागच्या वेळी नीट शटडाऊन झालं नव्हतं. हँग झाला म्हणून तुम्ही स्वतः पॉवर बटण दाबून धरलं तरी ४१ येणार, मग काय तुमच्या बोटानं मदरबोर्ड गेला? त्या वेळेला १०७४ दिसला तर कुठल्यातरी प्रोग्रामनं, बऱ्याचदा अपडेटनं, रीतसर बंद किंवा रीस्टार्ट केलंय. ४१ च्या डिटेल्समध्ये बगचेक कोड, म्हणजे एररचा नंबर, शून्य नसेल तर विंडोज क्रॅश झाल्यावरची निळी स्क्रीन येऊन गेलीय, तुम्हाला ती दिसली नाही कारण विंडोज लगेच रीस्टार्ट मारतं, ॲडव्हान्स्ड सिस्टीम सेटिंग्जमधल्या स्टार्टअप अँड रिकव्हरीत जाऊन ऑटोमॅटिकली रीस्टार्टची टिक काढा म्हणजे पुढच्या वेळी ती थांबेल आणि वाचता येईल. शून्य असेल तर परत वर, बायॉस आणि चहा.