रद्द झालेलं कलम आणि चालू असलेले गुन्हे

सरकारी अतिरेकावरच्या एका लेखात लेखक म्हणतात, न्यायालयं जागी आहेत तोवर सरकारी अतिरेकाची चिंता नको. पटत नाही. ऑनलाइन ‘आक्षेपार्ह’ मजकुराला गुन्हा ठरवणारं माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ६६अ कलम सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५मध्ये श्रेया सिंघल खटल्यात रद्द केलं. तरी त्याखाली गुन्हे नोंदवणं सुरूच राहिलं. २०२१मध्ये न्यायालयच अवाक झालं आणि २०२२मध्ये पुन्हा आदेश द्यावा लागला! एका पोस्टसाठी ज्याला उचललं, तो पुढे सुटला तरी त्याची हालत बघून आजूबाजूचे गप्प बसतात, आणि सत्तेला हवं असतं तेवढंच. (पक्षाचा प्रश्नच नाही. २००८मध्ये कलम आणलं एका सरकारने, न्यायालयात त्याचा बचाव केला दुसऱ्याने.) रद्द कलम लावणाऱ्या अधिकाऱ्याच्या पगारातून भरपाई कापा, मग बघू किती गुन्हे नोंदवले जातात.