‘चिखलात उतरून शेती करा’ म्हणणाऱ्या वाचकास उत्तर

ऊसशेतीतील कामे हलकी करणाऱ्या काही साधनांची आणि युक्त्यांची माहिती मी मागच्या लेखात दिली होती: मोबाईल स्टार्टर (फोनवरून मोटार सुरू-बंद करणारी पेटी), ठिबक, आणि पाचट म्हणजे ऊस तुटल्यावर उरणारा वाळलेला पाला न जाळता रानातच ठेवणे, वगैरे. त्या लेखावर ‘एक सामान्य शेतकरी, शिरोळ’ या नावाने एक प्रतिक्रिया आली आहे. इतर वाचकांना संदर्भ कळावा म्हणून ती जशीच्या तशी देतो.

“लेख वाचायला बरा आहे. पण दोन एकरवाल्याला यातले काय परवडते ते लेखकाने सांगावे. मोबाईल स्टार्टर सगळ्यांनी बसवले की लाईट आल्याबरोबर सगळ्या मोटारी एकदम उठतात आणि डीपी जळतो, त्यावर लेखात एक अक्षर नाही. पुरात पेटी गेली तर भरपाई कोण देणार? ठिबकच्या नळ्या उंदीर ठेवत नाहीत. पाचट ठेवा म्हणणाऱ्यांनी आधी पाचटातून पाणी पलीकडे काढून दाखवावे. घरात बसून मोबाईलवर शेती करणाऱ्यांनी आम्हाला शिकवू नये. शेती चिखलात उतरून करायची असते.”

या प्रतिक्रियेला मी लगेच उत्तर लिहिले नाही, कारण रागाच्या भरात लिहिलेले मागाहून पुसत बसावे लागते. आता शांतपणे लिहितो आहे, तरीही कुठे शब्द कठोर झाला तर आपल्या शेवटच्या वाक्याची आठवण ठेवून तो सोसावा, एवढी विनंती.

मतभेदाला माझी हरकत नाही. मागच्या वर्षी रोप लावणीवरच्या लेखात मी साडेचार फूट बाय दोन फूट अंतराला एकरी ४,८४० रोपे लागतात असे लिहिले, तेव्हा कागलच्या एका वाचकांनी नांग्या (रोपे मेल्याने पडलेल्या रिकाम्या जागा) भरण्यासाठी वेगळी रोपे धरायला हवीत असे सुचवले होते. त्यांनी ते दोन ओळींत, सभ्यपणे सुचवले आणि मी त्यांचे आभार मानले. आपण मात्र प्रश्न विचारता विचारता मध्येच न्यायाधीशाच्या खुर्चीवर जाऊन बसला आहात. मी घरात बसतो, मी मोबाईलवर शेती करतो आणि मला शिकवण्याचा अधिकार नाही, हे तिन्ही निष्कर्ष आपण मला न भेटता, माझे रान न पाहता काढले आहेत. एखाद्याचे म्हणणे खोडता येत नसले की त्याचे राहते घर शोधायला निघायचे, ही रीत आपल्याकडे ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत चालते. शेतीच्या चर्चेत ती आणू नये.

मी कोल्हापुरात राहतो, ही गोष्ट मी कधीही लपवलेली नाही. माझे गाव करवीर तालुक्यात भोगावती नदीच्या काठी आहे, तेथे आमचे तीन एकर रान आहे आणि नोकरी संपल्यापासून माझा आठवड्यातला बराचसा वेळ तेथेच जातो. रोजचे पाणी धाकटा भाऊ पाहतो, हे खरे आहे. पण लावणीचा, खोडव्याचा (तुटलेल्या उसाच्या बुडख्यांतून फुटणाऱ्या पुढच्या पिकाचा) आणि खताचा हिशेब माझ्याकडे असतो आणि भांगलणीला बायका मिळाल्या नाहीत की खुरपे घेऊन आम्ही दोघेही सरीत बसतो. ज्या चिखलाचा आपण दाखला देता, त्यात मी चड्डी घालत होतो त्या वयापासून उतरलेलो आहे. वडिलांची पाण्याची पाळी रात्रीची असली की बॅटरी धरून त्यांच्या पुढे चालायचे काम माझ्याकडे असे. दंड (सऱ्यांना पाणी नेणारा पाट) फुटला की अंधारात तो कोणत्या सरीशी फुटला आहे हे पायाला लागणाऱ्या पाण्याच्या गारव्यावरून ओळखावे लागे, आणि ते मला ओळखता येत असे. पुढे, मी नोकरीला लागल्यानंतर, उन्हाळ्यातल्या एका रात्री लाईट आली म्हणून मोटार सुरू करायला वडील एकटेच नदीकडे उतरले आणि ओल्या काठावरून घसरून त्यांचा खुबा मोडला. त्यानंतर ते आपल्या पायांनी रानात गेले नाहीत. मोबाईलवरून मोटार सुरू करण्याच्या सोयीबद्दल मी उत्साहाने लिहितो, त्याचे कारण हे आहे. घरात बसण्याची हौस हे त्याचे कारण नव्हे.

शिवाय, मोबाईल स्टार्टर बसवला की माणूस रानात जातच नाही, असे आपण गृहीत धरले आहे. सरीचे दार मोडायला आणि पाणी फिरवायला खोरे घेऊन जावेच लागते. ते काम अजून कोणत्याही फोनला जमलेले नाही. वाचते ती नदीपर्यंतची खेप, आणि तीही बहुधा अवेळची. शेतीपंपाची वीज बऱ्याच ठिकाणी आळीपाळीने दिवसा आणि रात्री मिळते. रात्रीच्या पाळीत ती मध्येच जाते, पुन्हा येते, एखादा फेज जातो, आणि प्रत्येक वेळी उसातून वाट काढत नदी गाठावी लागते. त्या वाटेवर घोणस असते, मण्यार असते; राधानगरी, भुदरगड, आजऱ्याकडे गवा असतो आणि चंदगडला हत्तीसुद्धा. शिरोळच्या सपाट रानात गव्याशी गाठ पडण्याचा प्रसंग फारसा येत नसावा, म्हणून कदाचित आपल्याला या खेपेचे एवढे कौतुक वाटत असेल.

चिखलाचा अभिमान मी समजू शकतो, परंतु चिखल हे शेतकरी असल्याचे प्रमाणपत्र आहे, हे मला मान्य नाही. मोट जाऊन विहिरीवर इंजिन बसले तेव्हाही, बैलांच्या मागे मागे-पुढे चालल्याशिवाय पिकाला पाणी मानवत नाही असे म्हणणारे लोक गावात होतेच. ज्या शाहू महाराजांनी राधानगरीचे धरण बांधायला घेतले, त्यांच्या संस्थानातल्या माणसांनी सोयीला आळस म्हणावे, हे मला पटत नाही. आज आपल्या जिल्ह्यातील कितीतरी रान सहकारी पाणीपुरवठा संस्थांच्या उपशावर भिजते. तेथे शेतकऱ्याला स्वतःची मोटार नाही, नदीवर जाणे नाही, पाटकरी (पाणी सोडणारा संस्थेचा माणूस) पाळी सांगतो तेव्हा पाणी येते. ते सगळे शेतकरी आपल्या व्याख्येत बसतात की नाही, ते कळवावे. (संस्थेच्या पाण्यावर असणाऱ्यांनी स्टार्टरचा मजकूर सोडून द्यावा, असे मी मूळ लेखातच म्हटले होते. आपण तो नीट वाचला असता तर बरे झाले असते.)

आता डीपीबद्दल, म्हणजे मोटारींना वीज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरबद्दल. आपण मोबाईल स्टार्टर आणि ऑटो स्विच या दोन वस्तूंची गल्लत केली आहे. ऑटो स्विच लाईट आली की मोटार उठवतो, त्याला दुसरे काही कळत नाही. महावितरण ऑटो स्विच काढून कपॅसिटर (व्होल्टेज सावरायला मदत करणारे उपकरण) बसवण्याचे आवाहन वारंवार करते, ते याचसाठी. ६३ केव्हीए क्षमतेच्या डीपीवर ५ अश्वशक्तीच्या सुमारे दहा मोटारी चालू राहू शकतात. पण थेट सुरू होणारी मोटार उठताना नेहमीच्या सुमारे सहापट विद्युतप्रवाह ओढते, आणि त्या दहाही एकाच क्षणी उठल्या तर व्होल्टेज बसते, फ्यूज उडतात आणि शेवटी डीपी जातो. मोबाईल स्टार्टरमध्ये मात्र लाईट आल्यावर किती वेळाने मोटार उठावी हे ठरवून ठेवता येते, किंवा स्वयंचलित व्यवस्था बंद ठेवून आपण फोन केल्यावरच ती सुरू होईल असे करता येते. एका डीपीवरच्या शेतकऱ्यांनी आपापसात वेगवेगळी वेळ ठरवून घेतली आणि ५ अश्वशक्तीच्या मोटारीला २ केव्हीएआरचा कपॅसिटर लावला, तर प्रश्न बराचसा सुटतो. लोक तशी वेळ ठरवत नाहीत, असे आपण म्हणाल. ते मी कसे करणार? गावातल्या लोकांनी एकत्र बसून चार वेळा ठरवायच्या नसतील, तर त्याचा जाब आपण आपल्या गावात विचारावा. माझा लेख साधनाबद्दल होता, भावकीबद्दल नव्हता.

पाचटाच्या बाबतीत मात्र आपण आव्हानच दिले आहे, म्हणून तेथे थोडे थांबतो. ऊस तुटून गेला की एकरी साधारण साडेतीन ते चार टन वाळलेले पाचट रानात पडते. त्यात अर्धा टक्का नत्र धरले तरी चार टनांत २० किलो नत्र होते. युरियाच्या ४५ किलोच्या एका गोणीत, ४६ टक्क्यांच्या हिशेबाने, त्याहून किंचितच अधिक असते. पालाश तर त्याहून जास्त भरते. काडी ओढली की नत्र आणि सेंद्रिय कर्ब धुरावाटे जातात आणि राखेत मुख्यतः पालाश व थोडे स्फुरद तेवढे उरते. ज्याला एका गोणीसाठी दुकानात रांग लावावी लागते, त्यानेच फडाला काडी लावावी, याला काय म्हणावे?

पाणी अडते, हे मी नाकारत नाही. पहिल्या पाण्याला ते अडतेच. म्हणून तर ट्रॅक्टरच्या कुट्टी यंत्राने पाचटाचे तुकडे करून घ्यावेत असे मी लिहिले होते. लांबच्या लांब पाला सरीत आडवा पडला की बांध घातल्यासारखे पाणी तुंबते, तुकडे झाले की ते त्यातून पाझरत पुढे जाते. कुट्टी यंत्र भाड्यानेही मिळत नसेल तर पाचट एक आड एक सरीत ओढून ठेवावे आणि रिकाम्या सरीने पाणी सोडावे. मात्र पाचट नुसते ठेवून भागत नाही. बुडख्यांवर आलेला पाला बाजूला करून ते धारदार कोयत्याने जमिनीलगत छाटावेत, नाहीतर वरच्या डोळ्यांतून कमजोर फुटवे येतात. पाचटावर टनाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारे जिवाणू खत टाकावे आणि मग पाणी द्यावे. पाचट ठेवलेला खोडवा पिवळा पडला अशी ओरड जे करतात, त्यांनी बहुतेक वेळा हा युरियाच टाकलेला नसतो. पाला कुजवणारे जिवाणू जमिनीतले नत्र आधी स्वतः उचलतात आणि उसाला ते काही काळ कमी पडते. पुढचे खत पहारीने बुडख्याच्या बाजूला भोक पाडून दिले, तर पाचट हलवावे लागत नाही आणि पाण्याबरोबर खत वाहूनही जात नाही. आमच्या रानात हे मी स्वतः पहार धरून केलेले आहे. ज्यांना पाहायचे असेल त्यांनी खोडव्याच्या दिवसांत जरूर यावे, पाणी पलीकडे निघते की नाही हेही समक्ष पाहावे.

पाचटाखाली ओल टिकते, त्यामुळे पाण्याच्या पाळ्या लांबवता येतात, हे मी वेगळे सांगायला नको. ज्या शिरोळ तालुक्यात जादा पाण्यामुळे रान क्षारपड झाले आणि जमिनीखाली सच्छिद्र पाईप टाकून ते सुधारून घ्यावे लागत आहे, त्या तालुक्यातल्या वाचकाने पाणी झटपट पलीकडे जात नाही ही तक्रार करावी, याचे मला खरोखर नवल वाटले.

ठिबकच्या नळ्या उंदीर कुरतडतात, हे आपले म्हणणे शंभर टक्के खरे आहे आणि ते मी मोकळ्या मनाने मान्य करतो. आमच्याकडेही कुरतडल्या आहेत. जोडणीचे तुकडे आणि एक कात्री खोपीत ठेवावी लागते, एवढेच. मी प्रत्येक वेळी विरोधच करतो असे आपल्याला वाटू नये, म्हणून हे स्पष्ट लिहून ठेवतो.

परवडण्याचा प्रश्न आपण एका वाक्यात विचारला आहे, तेव्हा उत्तरही थोडक्यात देतो. पाच एकरांपर्यंतच्या शेतकऱ्याला ठिबकसाठी केंद्राच्या योजनेतून ५५ आणि राज्याचे पूरक २५ असे मिळून ८० टक्के अनुदान आहे. ते ठरलेल्या खर्चमर्यादेवर मिळते आणि आधी पदरचे पैसे घालावे लागतात, हे मलाही ठाऊक आहे. फवारणीचा ड्रोन किंवा पॉवर वीडर (तण काढणारे यंत्र) कोणी दोन एकरांसाठी विकत घ्यावा असे मी कोठेही लिहिलेले नाही, ते भाड्याने मिळतात. साधा मोबाईल स्टार्टर तर मोटार एकदा जळून वाइंडिंगला गेली की जो खर्च येतो, त्याच्या जवळपास बसतो आणि फेज गेल्यावर किंवा पाणी तुटल्यावर मोटार आपोआप बंद करून तोच खर्च वाचवतो. दोन एकरवाल्याच्या घरी मजुरी परवडत नाही आणि मुलगा एमआयडीसीत पाळीवर असतो. सोयीची गरज त्याला वीस एकरवाल्यापेक्षा जास्त आहे. वीस एकरवाला रात्री नदीवर गडी पाठवतो.

राहता राहिली पुराची गोष्ट. २०१९ आणि २०२१ साली शिरोळने जे सोसले ते करवीरपेक्षा अधिक होते, याबद्दल वाद नाही. पण कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे सरकू लागले की काठावरचे सगळेच शेतकरी मोटारी वर काढतात. ज्याला मोटार ओढून काढायला वेळ मिळतो, त्याला चार नट सोडून पेटी काढायलाही मिळतो. पेटी पहिल्यापासूनच वायर सोडवता येईल अशा जोडणीने बसवून घ्यावी आणि ती काढल्यावर सिम घरी कोरड्या जागी ठेवावे. भरपाई कोण देणार, हा प्रश्न तहसील कार्यालयात विचारावा. माझ्याकडे तो का पाठवला, हे कळले नाही.

यावर आपण पुन्हा लिहिलेत तर ते मी येथे अवश्य प्रसिद्ध करीन. त्यात माझ्या राहत्या घराचा उल्लेख नसेल, तर उत्तरही लवकर देईन.