इंटरनेट चालू असल्याची तक्रार

आज सकाळी कॉम्प्युटर उघडला तर पडद्याच्या मधोमध निळी चौकट: ‘अभिनंदन! तुम्ही आता नव्या आवृत्तीवर आहात.’

मी कुठेही गेलो नव्हतो. रात्रभर अंथरुणावरच होतो.

ज्या प्रोग्रॅमने ही चौकट आणली, त्याला मी परवाच इंटरनेटबंदी केली होती. नुसती तोंडी नव्हे, फायरवॉलमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरमधून इंटरनेटवर होणाऱ्या ये-जेवर पहारा ठेवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, नियम लिहून. तडीपार केलेला इसम तिसऱ्या दिवशी नवे कपडे घालून आपल्याच पायरीवर बसलेला दिसावा आणि वर त्यानेच आपलं अभिनंदन करावं, तसं झालं.

त्याचं काम म्हणाल तर एवढंच: पीडीएफची पानं जोडणं आणि तोडणं. यासाठी त्याला बाहेर कुणाशी बोलायची गरज काय? स्टेपलर कधी कुणाला फोन करत नाही. पण गेल्या अपडेटमध्ये त्याने ‘जोडा’ हे बटण उचलून कुठल्याशा मेनूच्या पोटात ढकललं आणि त्या जागी ‘आमच्या सहायकाला विचारा’ असं बटण आणलं. सहायकाला विचारलं, ‘जोडा कुठे आहे?’ त्याने मला जोडीदार निवडण्याबद्दल चार ओळी दिल्या. त्या दिवशी ठरवलं, याचं बाहेर जाणं बंद.

पहिला नियम मी चुकून इनबाउंडच्या यादीत घातला होता. जाणकारांनी नाक मुरडायचं ते आत्ताच मुरडून घ्यावं. इनबाउंड म्हणजे बाहेरून आत येऊ पाहणारे. हा तर घरातलाच. तो आतून हाक मारतो आणि त्याच्या हाकेला आलेलं उत्तर फायरवॉल अडवत नाही, कारण बोलावणं आपल्याच माणसाचं असतं. ती चूक सुधारली. आउटबाउंडमध्ये नियम केला, फाइलचा पूर्ण पत्ता दिला, ‘अडवा’ निवडलं, नेटवर्कच्या सगळ्या प्रकारांवर टिक केली, कॉम्प्युटर बंद करून चालू केला. एवढी पथ्यं मी डॉक्टरांनी सांगूनही पाळलेली नाहीत.

मुळात फायरवॉल म्हणजे इमारतीतली भिंत. एका भागात लागलेली आग दुसऱ्या भागात पसरू नये म्हणून बांधलेली. तिच्यात दार असतं, ते आपोआप मिटावं अशी सोय असते आणि ये-जा करताना त्रास नको म्हणून कुणीतरी त्या दाराला खुर्ची लावून ठेवतं. कॉम्प्युटरवाल्यांनी हे नाव उचललं ते खुर्चीसकट. विंडोजमध्ये फायरवॉल न सांगता चालू राहू लागली ती २००४ साली, एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकपासून, आणि तेव्हा ती फक्त आत येणाऱ्यांना अडवायची. बाहेर जाणाऱ्यांना हटकायची सोय एक्सपीनंतरच्या व्हिस्टा या विंडोजमध्ये आली; पण नियम नसेल तर खुशाल जाऊ द्या, हा खाक्या आजही कायम आहे. त्याच्याही आधी, २००० साली, स्टीव्ह गिब्सन नावाच्या अमेरिकन प्रोग्रॅमरने ‘लीकटेस्ट’ हा चिमुकला प्रोग्रॅम काढून एक गंमत दाखवली होती. अनोळखी फाइलला ओळखीच्या प्रोग्रॅमचं नाव द्यायचं, की काही फायरवॉल सलाम ठोकून तिला बाहेर सोडायच्या. या गोष्टीला पंचवीस वर्षं होऊन गेली. एवढ्या काळात पहारेकरी ओळखपत्र बघायला शिकले असतील, अशी माझी भाबडी समजूत होती.

माझी फायरवॉल विकतची, दरवर्षी वर्गणी भरून चालवलेली. तेव्हा तिच्या हेल्पलाइनला फोन लावला. अर्धा तास बासरी ऐकल्यावर एक अतिशय गोड आवाज आला.

‘नमस्कार सर, मी आपली काय मदत करू?’

‘एक प्रोग्रॅम अडवलाय, तरी तो इंटरनेटवर जातोय.’

‘इंटरनेट चालत नाहीये. समजलं सर. गैरसोयीबद्दल क्षमस्व.’

‘नाही नाही, चालतंय.’

‘चालतंय?’

‘चालतंय, तीच तर तक्रार आहे.’

पलीकडे शांतता. मग कीबोर्डचा थोडा आवाज, मग पुन्हा शांतता.

‘सर, इंटरनेट चालू असल्याबद्दल आपली तक्रार आहे?’

‘त्या एका प्रोग्रॅमपुरती.’

‘बाकीच्यांचं चाललेलं चालेल?’

‘चालेल.’

‘आणि त्याचंच नको.’

‘बरोबर.’

‘का हो सर?’

हे त्याने इतक्या कळवळ्याने विचारलं की मला अपराधी वाटलं. जणू मी एखाद्या पोराला सुट्टीत कोंडून ठेवलं होतं आणि तो त्याची बाजू मांडायला आला होता. मी ‘जोडा’ बटणाची हकीकत सांगितली. त्याने ‘अरेरे’ म्हटलं. मग म्हणाला, ‘सर, अडचण अशी आहे की फॉर्ममध्ये हे सदर नाहीये. इंटरनेट चालत नाही, हे आहे. हळू चालतं, आहे. चांगला प्रोग्रॅम अडवला गेला, हेसुद्धा आहे. वाईट प्रोग्रॅम अडवला जात नाही, असं नाही दिलेलं.’

‘फायरवॉलच्या हेल्पलाइनकडे?’

‘हो ना सर.’

‘मग “इतर” मध्ये टाका.’

‘टाकतो, पण “इतर” कुणी वाचत नाही.’

तेवढ्यापुरता तो मला आवडून गेला. तेवढ्यापुरताच, कारण पुढचं वाक्य होतं, ‘मी आपला स्क्रीन बघू का? एक लहानसा प्रोग्रॅम उतरवून घ्या. तो चालायला आधी फायरवॉल तात्पुरती बंद करावी लागेल.’

‘फायरवॉल बंद केल्यावर तिचं काय तपासणार?’

‘बंद असली की नीट बघता येते सर.’

प्रोग्रॅम उतरवला, त्याने सांगितलेला नंबर घातला आणि दुसऱ्या क्षणी माझा बाण आपोआप पडद्यावर फिरू लागला. ‘आलो सर!’ असा हर्षाचा आवाज. फायरवॉल बंद करायची मी विसरूनच गेलो होतो. तिने चूं केलं नव्हतं. परका माणूस माझ्या कॉम्प्युटरमध्ये शिरून माझा माउस हलवत होता आणि कोपऱ्यातल्या हिरव्या ढालीवर लिहिलं होतं, ‘तुम्ही सुरक्षित आहात.’ मी हे त्याच्या नजरेस आणून दिलं.

‘म्हणजे सर, तिने आम्हाला ओळखलं,’ तो म्हणाला. अभिमानाने.

मग तो निवांत फिरला. लग्नाआधी मुलीकडची मंडळी घर बघतात तसा. ‘सर, आपल्याकडे न वाचलेले मेल खूप आहेत.’ मी म्हटलं, त्याचा इथे संबंध नाही. ‘नाही सर, दिसलं म्हणून.’ शेवटी फायरवॉलच्या मुख्य पानावर त्याला एक लाल पट्टी सापडली: ‘सगळं अडवा’. मी ‘थांबा’ म्हणेपर्यंत त्याने ती उजवीकडे सरकवली आणि बाण जागच्या जागी थिजला.

‘सर, मी बाहेर फेकला गेलो.’

‘बघितलं.’

‘आता आपलं इंटरनेट चालतंय का?’

‘नाही.’

‘अजिबात नाही?’

‘अजिबात नाही.’

‘मग आता सदर आहे सर!’ इतका निर्मळ आनंद मी फोनवर फार दिवसांत ऐकला नव्हता. खडाखड टायपिंग झालं. ‘तक्रार नोंदवली. आता असं करा, “मूळ सेटिंगवर न्या” हे बटण दाबा.’ मी दाबलं. इंटरनेट आलं आणि दोन वर्षांत एकेक करून घातलेले माझे सगळे नियम गेले. ‘चालू झालं ना सर?’ झालं होतं, काय सांगणार? ‘आणखी काही मदत?’ मी नको म्हटलं.

दुपारी चिडून स्वतःच बसलो. एवढी अक्कल वेळेवर सुचली होती की जुन्या नियमाचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवला होता. त्यातला पत्ता आणि प्रोग्रॅमचा आजचा पत्ता शेजारी शेजारी धरले. फोल्डरच्या नावात आवृत्तीचा आकडा होता. फोटोत जुना, आज नवा. जुनं फोल्डर तर अस्तित्वातच नव्हतं. म्हणजे चोराने नावसुद्धा बदललं नाही, नुसती खोली बदलली. आणि माझा नियम रिकाम्या खोलीबाहेर दांडकं घेऊन इमानेइतबारे उभा होता. आत कुणी नाही हे त्यालाही कळलं नाही आणि फायरवॉललाही ते मला सांगावंसं वाटलं नाही.

पण खोली बदलायला नवं सामान आलं कुठून? तर या महाशयांचा एक वेगळा गडी आहे. अपडेटरची फाइल निराळी, शेजारच्याच फोल्डरात. टास्क शेड्यूलर, म्हणजे ठरल्या वेळी कामं सुरू करणारी विंडोजमधली सोय, त्याला रात्री उठवतो, तो बाहेर जाऊन सामान आणतो, मांडतो आणि झोपतो. नियम मालकावर होता, गड्यावर नव्हता. फायरवॉलच्या नोंदवहीत रात्री बाहेर जाणाऱ्याचं नाव स्वच्छ लिहिलेलं होतं. फक्त ती नोंदवही चार मेनूंच्या आत आहे आणि हेल्पलाइनला ती ठाऊक असल्याचं निदान आज तरी दिसलं नाही. मी गड्यालाही अडवलं, शेड्यूलरमधलं त्याचं काम बंद केलं आणि मालकाचा नियम नव्या पत्त्यावर लिहिला. पत्त्यात आकड्याच्या जागी ‘कुठलाही’ असं काही घालता येतं का पाहिलं. येत नाही.

मला राग त्या पोराचा नाही. त्याच्यापुढे जो फॉर्म ठेवला तो त्याने भरला. राग याचा आहे की यंत्र माझं, वीज माझी, ‘नाही’ मी म्हटलेलं, आणि त्या ‘नाही’ला ठेवायला कुणाकडे खणच नाही. प्रोग्रॅमच्या चौकटीतसुद्धा दोनच बटणं असतात: ‘आत्ता’ आणि ‘नंतर आठवण करा’. जेवणाच्या पंगतीतला आग्रहकरीसुद्धा तिसऱ्यांदा पानावर हात आडवा धरला की पुढे सरकतो. हे सरकत नाहीत. आपण झोपायची वाट बघतात.

सध्या प्रोग्रॅम उघडताना अर्धा मिनिट रुसून बसतो, मग ‘जोडणी तपासा’ म्हणतो आणि मुकाट्याने पानं जोडतो. ‘जोडा’ बटण मेनूच्या पोटातच आहे, ते मागे येणार नाही.

संध्याकाळी हेल्पलाइनचा संदेश आला. ‘“इंटरनेट चालत नाही” ही आपली तक्रार यशस्वीरीत्या सोडवण्यात आली आहे. आमच्या प्रतिनिधीला किती तारे द्याल?’

पाच दिले. कमी दिले असते तर काय चुकलं ते विचारायला त्याचा फोन आला असता.