पट्टी कापून देणाऱ्याचं म्हणणं

ठाण्याच्या वागळे इस्टेट-किसननगर भागात मेडिकल चालवणाऱ्याला एक गोष्ट डॉक्टरपेक्षाही चांगली दिसते. चिठ्ठीवर काय लिहिलंय आणि पेशंट प्रत्यक्षात काय घेऊन जातो, यातला फरक. चिठ्ठीवर बीपीची गोळी, रोज एक, महिनाभर. काउंटरवर मात्र, "दादा, पाचच द्या." मग कात्री निघते. पगार झाले की अख्खी पट्टी जाते, वीस तारखेनंतर कात्रीला उसंत नसते. शिवाय काही जण असे, की पाच गोळ्या संपल्यावर फिरकतच नाहीत. रस्त्यात भेटले आणि विचारलं तर, "आता बरं वाटतंय की."

यावर आपल्याकडे मत तयार असतं. लोकांना शिस्त नाही, गुटख्याला पैसे आहेत, गोळीला नाहीत. डॉक्टर म्हणतात, चहा पिता पिता आम्ही मेडिकलवालेही म्हणतो. मला ते पटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ च्या अहवालात होतं की दीर्घ आजारांची औषधं सांगितल्याप्रमाणे घेण्याचं प्रमाण विकसित देशांतही सरासरी ५० टक्केच आहे. तिथे शिक्षण आहे, सोयी आहेत, तरी ही गत. मग आमच्या किसननगरच्या वेल्डरनेच काय घोडं मारलंय?

एखादं औषध बाजारात यायला वर्षानुवर्षं चाचण्या होतात, कोट्यवधी रुपये ओतले जातात. पण ती गोळी पट्टीतून माणसाच्या पोटात जाईल की नाही, हा अभ्यास आपल्याला किरकोळ वाटतो. समाजशास्त्र, मानसशास्त्र म्हणजे सायन्सला नंबर लागला नाही की घ्यायचे विषय. माझं भांडण इथेच आहे.

उदयपूरचं उदाहरण घ्या. तिथल्या खेड्यांत सेवा मंदिर या संस्थेबरोबर अभिजित बॅनर्जी, एस्तेर डुफ्लो या अर्थतज्ज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. (बॅनर्जींची आई मराठी, हे २०१९ ला नोबेल मिळालं तेव्हा आपण सगळ्यांनी फॉरवर्ड केलं. त्यांनी काम काय केलं, ते काही फॉरवर्ड झालं नाही.) लस फुकट, तरी मुलांचं लसीकरण पूर्ण का होत नाही, हा प्रश्न होता. काही गावांत नवीन काहीच केलं नाही, तिथे पूर्ण लसीकरण ६ टक्के. काही गावांत दर महिन्याला ठरल्या दिवशी शिबिर, नर्स हमखास हजर. तिथे १८ टक्के. आणि काही गावांत तेच शिबिर, वर प्रत्येक खेपेला किलोभर डाळ आणि सगळ्या लसी झाल्या की थाळ्यांचा सेट. तिथे ३९ टक्के.

आता विचार करा. या आयाबापांचा लसीला खरोखर कडवा विरोध असता, तर किलोभर डाळीसाठी त्यांनी पोटच्या पोराला टोचू दिलं असतं का? विरोध फारसा नव्हताच. शेतावरचा खाडा टाळायला आजचं उद्यावर जात होतं, इतकंच. आणि डाळ वाटूनही एका मुलामागचा खर्च नुसत्या शिबिराच्या मानाने जवळपास निम्म्यावर आला, कारण नर्सचा त्या दिवसाचा पगार तेवढाच, मुलं चार येवोत की वीस. "लाच देऊन लस टोचायची का?" असं एका मित्राने विचारलं. हाच मित्र 'एकावर एक फ्री'साठी दिवाळीत घोडबंदर रोडचं ट्रॅफिक सहन करून मॉलला जातो.

मात्र सगळंच सवयीच्या माथी मारू नये. झारखंडमध्ये टीबीच्या पेशंटच्या घरच्या माणसांना महिन्याला माणशी ५ किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ दिली. २०२३ मध्ये निष्कर्ष आले: त्या घरांत नव्याने टीबी होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी. तिथे कितीही जनजागृती केली असती तरी रिकाम्या पोटाला काय कळणार होतं? उलट दक्षिण भारतात डायबेटिसच्या उंबरठ्यावरच्या नोकरदार पुरुषांना दोन वर्षं नुसते मोबाइलवर मेसेज पाठवले, खाण्याचे, चालण्याचे, आणि तेही ज्याची जेवढी तयारी तसे. मेसेज न मिळालेल्यांपेक्षा त्यांच्यात डायबेटिस होण्याचं प्रमाण ३६ टक्क्यांनी कमी राहिलं. हा अभ्यास २०१३ चा आहे, साध्या एसएमएसचा.

म्हणजे माझ्या काउंटरवर दोघं जण "पाचच द्या" म्हणतात. एकाचा खिसा रिकामा आहे, दुसऱ्याला बीपी म्हणजे तापासारखं वाटतं, उतरलं की संपलं. दिसायला एकच लक्षण, कारणं दोन, आणि आपण दोघांना एकच भाषण देतो: "अहो, गोळ्या बंद करायच्या नसतात." कुठल्या डॉक्टरने तपासणी न करता असं एकच औषध दोघांना दिलं असतं तर आपण त्याला नावं ठेवली असती.

आमच्याकडे फुकट तपासणीची शिबिरं होतात. बॅनरवर डझनभर चेहरे, वेळ सोमवार ते शुक्रवार, सकाळी दहा ते एक. त्या वेळी चाळिशीतला ऑपरेटर मशीनवर उभा असतो, खाडा केला तर पगार कापला जातो. शिबिराला येतात ते आजोबा, ज्यांची फाइल आधीच जाडजूड आहे. दुसऱ्या दिवशी 'उत्स्फूर्त प्रतिसाद' म्हणून फोटो. आलेल्यांची नोंद होते, न आलेल्यांची कोण ठेवतं? अमेरिकेत १९५० च्या दशकात टीबीच्या फुकट एक्स-रेच्या गाड्या वस्तीजवळ नेऊनही लोक येईनात, तेव्हा तिथल्या आरोग्य खात्यातल्या मानसशास्त्रज्ञांनी 'का येत नाहीत' याचाच अभ्यास हाती घेतला. पुढे त्यातून 'हेल्थ बिलीफ मॉडेल' उभं राहिलं, म्हणजे आजाराबद्दल माणसाला काय वाटतं त्यावरून तो काय करेल, हे समजून घ्यायची चौकट.

ठाण्यात कॉलेजं कमी नाहीत. समाजशास्त्राच्या पोरांना प्रोजेक्ट हवेच असतात, आणि ती गुगल फॉर्म आपापल्या मित्रांकडूनच भरून घेतात. त्यांच्या प्राध्यापकांना माझं सांगणं आहे, दोन पोरं संध्याकाळी साडेसात ते दहा माझ्याकडे पाठवा, पूर्ण महिना, एक तारखेपासून. स्टूल देतो, चहा देतो. नाव-गाव कुणाचंच लिहायचं नाही. चिठ्ठीवर किती होत्या, नेल्या किती, आधी किंमत कुणी विचारली आणि तारीख कोणती, एवढंच लिहा. मग ती वही घेऊन आपण शिबिरवाल्यांकडे जाऊ.